मामांच्या पोटातली मेंढरं

"पोरगी गुणाची हाय गं वैजा, पन पाय न्हाय चांगला. हिनं उंबरा वलांडला अन् भावजीस्नी शुगर लागली."

आता तुम्हीच सांगा, हे वाक्य काय माझ्यासाठी होतं? नव्हतंच. हे वाक्य स्वयंपाकघरात जन्मून स्वयंपाकघरातच विरून जायचं होतं, पण मी नेमकी त्याच वेळी ताकाचं रिकामं पातेलं घेऊन दाराशी पोचले, आणि माझ्या चालण्याचा आवाज येत नाही ही माझी लहानपणापासूनची खोड, पैंजण घातले तरी ते वाजत नाहीत, त्याला मी काय करू… बोलणाऱ्या कोण, तर आमच्या थोरल्या चुलतसासूबाई, चिमाबाई, माझ्या थोरल्या आई. ऐकणाऱ्या कोण, तर माझ्या सासूबाई वैजयंती, ज्यांना मी आत्या म्हणते, आणि सासऱ्यांना मामा, कारण आमच्या भागात तशीच रीत. आत्या भाकरी थापत होत्या. चिमाबाईंचं वाक्य संपलं आणि थापायचा आवाज थांबला. मला वाटलं, आता आत्या काहीतरी म्हणतील, 'पोरीचा काय दोष' असं काहीतरी, तेवढं मोठं नको, नुसतं 'छे' म्हणाल्या असत्या तरी मला पुरलं असतं की… आणि आत्या म्हणाल्या, "व्हय की." आणि थाप, थाप, थाप, भाकरी पुढं सुरू.

मी पातेलं घेऊन आल्या पावली मागं फिरले. मी काय बोलणार, मी नवीन.

तुम्हाला सांगते, माझं माहेर कुर्डुवाडीचं, वडील रेल्वेत, क्वार्टर रुळाला लागून. म्हणजे आमच्याकडं कुणीही बोलायला लागलं की मधेच गाडी यायची, मग वाक्य तिथंच धरून ठेवायचं, गाडी धडधडत निघून गेली की पुढचं बोलायचं. बाकीच्यांनी आपापली वाक्यं धरून ठेवली, मी मात्र त्या थांबण्यात जी गप्प झाले ती झालेच. त्यात नाव ठेवलं संस्कृती. आता असल्या नावाच्या पोरीनं सासरी जाऊन उलटून बोलायचं म्हणजे… नकोच ते. बघायच्या कार्यक्रमात मी एकही शब्द बोलले नाही आणि तेवढ्यावर सोलापूरचं स्थळ पक्कं झालं. "लई शांत हाय," आत्या तेव्हा कौतुकानं म्हणाल्या होत्या. त्या शांततेचाच पाय पुढं वाईट निघाला.

बरं, ही शुगर आली कुठून ते ऐका. मामांचं, म्हणजे धनाजीमामांचं, नवी पेठेत चादरी आणि घोंगड्यांचं दुकान. मूळ माणूस सांगोल्याकडचा, लहानपण सगळं मेंढरांमागं गेलेलं, म्हणून घोंगडीवर हात ठेवला तरी ती कुठल्या मेंढराची ते सांगतील, असा माणूस. आमचं लग्न झालं मार्गशीर्षात, आणि लग्न झालं की काय होतं? बोलावणी. नव्या सुनेला जेवायला बोलवायचं, घरोघरी, भावकीत, ओळखीत, पेठेतल्या शेजाऱ्यांत, आत्यांच्या माहेरी मंगळवेढ्याला, आणि नाही म्हणायचं नाही, नाही म्हटलं की माणसं पुढच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवतात. आता जेवायला बोलवतात ते नव्या जोडप्याला. पण जोडप्यातला एक, माझा नवरा युवराज, तो दुकानात. कारण लग्नसराई, घोंगडी-चादरींचा अहेराचा धंदा, दुकान सोडून जाणार कोण? मग सून एकटी कशी पाठवायची? म्हणून मामा. "मी जातो की पोरीसंगं, बिचारी बुजती." असं म्हणून मामांनी नवऱ्याची जागा भरून काढली, पाटावरची आणि ताटातलीसुद्धा.

आणि ताटात काय? शेंगापोळी. आपल्याकडं हिवाळ्यात पाहुणचार म्हणजे शेंगदाण्याचं कूट, गूळ, वरून तुपाची धार. मी एक खायचे. दुसरी आली की हळूच म्हणायचे, 'नको'. पण माझं 'नको' ते कसलं, ते माझ्या ओठांच्या बाहेर पडायचं आणि थेट शेजारच्या ताटात. "लाजती पोरगी. ऱ्हाऊ द्या, मग मामा तुमीच घ्या, सुनेच्या वाटची." आणि मामा घ्यायचे. सुनेच्या वाटची म्हणून घ्यायचे, स्वतःच्या वाटची तर आधीच झालेली असायची. पुढच्या घरी पुन्हा मी 'नको', पुन्हा मामा "बरं, द्या हिकडं." असा अख्खा पौष गेला. मग नवी पेठेत दुकानदारांसाठी रक्त तपासायचं शिबिर झालं, मामांनी शेजाऱ्याला सोबत म्हणून बोट पुढं केलं, आणि आकडा बघून तिथला पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही बसा जरा."

झालं. सगळ्यांनी मागचं आठवून बघितलं. आधी शुगर नव्हती, आता आहे. मधे काय झालं? लग्न झालं. सून आली. कुणालाही ती पोळी आठवली नाही बघा. पोळी जुनी ना, ती कायमच होती. नवीन काय, तर मी.

मी काय बोलणार.

डॉक्टरांनी जेवणाबरोबर घ्यायची गोळी दिली, चालायला सांगितलं, गोड बंद. मामा आठवडाभर असे बसून राहिले की जणू दुकान विकलं. आणि मग त्या व्याख्यानाची भानगड झाली. आमच्या जुळे सोलापूर भागात एका सभागृहात शुगरवाल्यांसाठी कार्यक्रम होता, आहाराच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या, युवराजनं आम्हा सगळ्यांना गाडीत घातलं, चिमाबाई पण आल्या, त्यांना शुगर नाही पण पंखा चांगला आहे असं कळलं होतं.

बाई तरुण होत्या, पण बोलायला फार छान. म्हणाल्या, "झाडांना पळता येत नाही, म्हणून ती आपल्या राखणीसाठी अंगातच काही द्रव्यं तयार करतात. डाळिंबाचा लाल रंग, जांभळाचा तुरटपणा, चहाचा, कारळाचा, जवसाचा तो थोडा कडवट घास, त्यात ही द्रव्यं असतात. त्यांना म्हणायचं पॉलिफेनॉल." इथपर्यंत सभागृह ठीक होतं. पुढं त्या म्हणाल्या, "आता गंमत अशी की, यातलं थोडंच आपल्या रक्तात जातं. बाकीचं खाली मोठ्या आतड्यात. तिथं आपले जंतू असतात, अब्जावधी. ते त्याचे तुकडे करतात, त्यातून आपल्या उपयोगाचं काही निघतं, आणि चांगल्या जंतूंचीही भरभराट होते."

आणि मामा उभे राहिले. मी इतक्या दिवसांत मामांना परक्या माणसांत बोलताना पाहिलं नव्हतं, मला वाटलं चक्कर आली.

"बाई, म्हंजी खायाचं आपन, अन् ते असतं त्येंच्यासाठी?"

"तसंच म्हणा काका."

"अन् त्ये पोसलं तर आपन पोसतो?"

"हो."

"मग मेंढरंच की."

सभागृह हसलं. बाई नाही हसल्या, त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "अगदी बरोबर, काका." त्या 'अगदी बरोबर'नं आमच्या घरात काय काय झालं ते त्या बाईंना कधी कळायचं नाही.

कारण त्या पुढं पण बोलल्या होत्या की. त्या म्हणाल्या की हा अभ्यास बराचसा उंदरांवरचा आहे, माणसांवर अजून चालू आहे. सगळ्यांच्या पोटात सारखे जंतू नसतात, एकाला लागू पडेल ते दुसऱ्याला पडेलच असं नाही. जंतू मारायची औषधं ऊठसूट घेऊ नका, त्यात चांगलेही मरतात. आणि शुगरची गोळी अजिबात बंद करायची नाही. पण ऐकलं कुणी किती? मामांनी ऐकलं, मेंढरं. युवराजनं ऐकलं, डाळिंब. आत्यांनी ऐकलं, जंतू. चिमाबाई झोपल्या होत्या. शेवटचं वाक्य सभागृहात एकटीनं ऐकलं ते मी, आणि मी म्हणजे… तुम्हाला माहीतच आहे.

घरी आल्या आल्या आत्या बसल्या त्या कपाळाला हात लावूनच. त्यांचं म्हणणं, जन्मभर भांडी विसळली, पाणी गाळून घेतलं, देवघरात ओल्यानं गेले, आणि ती बाई म्हणते आपल्या पोटात जंतू. "दुसऱ्यांच्यात असत्याल. आमच्यात न्हाईत." मामा समजावत होते, अगं सगळ्यांच्यात असतात, चांगले असतात. मग आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मान न वळवता बघायची त्यांची एक पद्धत आहे, आणि म्हणाल्या, "हिच्या पोटात कुर्डुवाडीची असत्याल."

"असत्याल की," मामा म्हणाले. "येगळं खांड हाय त्ये." खांड म्हणजे मेंढरांचा कळप, हे मला तोवर कळलं होतं. "नवं मेंढरू आपल्या खांडात आनलं की पयलं बाजूलाच उभं ऱ्हातं. बाकीची ढुशा देत्यात. ते वरडत न्हाय, खात न्हाय, नुसतं बघतं. मग कवातरी एक दिवस वरडतं. तवा समजायचं, मिसळलं."

हे त्यांनी जंतूंबद्दल सांगितलं की कशाबद्दल, मला अजून कळलेलं नाही. मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात मेंढपाळी सुरू. मामा सकाळी चालायला निघताना म्हणायचे, "मेंढरं सोडून आनतो." जेवायला बसताना आधी कारळाची चटणी, मग कच्चा कांदा, "पयलं त्येंचं, मग माजं." भाकरीचं तर आत्यांना फारच बरं वाटलं, कारण बाईंनी ज्वारीच्या भाकरीला चांगलं म्हटलं होतं आणि ज्वारी मंगळवेढ्याची, म्हणजे आत्यांच्या माहेरची, "मी इतकी वर्सं दुसरं काय घालत हुते?" दुकानात गिऱ्हाईक घोंगडी बघायला आलं की मामा आधी त्याला पोटातल्या खांडाबद्दल सांगायचे, गिऱ्हाईक चहा पिऊन तसंच जायचं. एकादशी आली तेव्हा मोठा प्रश्न पडला, आपण उपास धरायचा पण आतल्यांचं काय? मामा म्हणाले, मानसाचा उपास हाय, मेंढरांचा न्हाय. आत्या म्हणाल्या, त्येंना पन एकदा एकादशी घडू दे की, पुन्य लागंल. जेवणाच्या टेबलावर यावर बराच वेळ चर्चा झाली, आणि माझी खिचडी गार झाली.

इथवर सोसण्यासारखं होतं हो. पण युवराजनं फोनवर कुठंतरी पाहिलं की डाळिंबाच्या दाण्यांपेक्षा जास्त ते सालीत असतं. सालीत. त्या बाईंनी सालीचं नाव काढलं नव्हतं. पण आपण राहतो सोलापुरात, इथं डाळिंबाला काय तोटा, घरात पाट्या येऊन पडल्या, दाणे खाऊन संपेनात, आणि साली गच्चीवर वाळत. शेजारचे तेलुगू आजोबा, जन्म हातमागावर गेलेला, ते त्या सालींकडं बघून मला म्हणाले, "काय सूनबाई, सूत रंगवायला काढलं काय घरात?" ह्या सालीचा पक्का रंग होतो म्हणाले, त्यांनी तोच केला होता. आम्ही तो उकळून पीत होतो.

तुम्ही प्यायलायत का कधी? पिऊ नका. पहिल्या घोटाला जिभेवर कुणी घोंगडं टाकल्यासारखं होतं, दुसऱ्याला ते घोंगडं ओलं होतं. मामा डोळे मिटून प्यायचे, मेंढरांसाठी. आत्यांनी एकदा चाखला आणि म्हणाल्या, माज्या पोटात न्हाईतच जंतू, मला कशाला. उरले कोण? "सूनबाई, तू पन घे गं, एकट्यानं जात न्हाय." मी घेतला. मी काय बोलणार, मी नवीन, आणि तो काढा प्यायल्यावर तर जुन्या माणसालाही बोलता येत नाही, जीभ टाळूला शिवल्यासारखी होते.

असंच एका सकाळी काढा प्यायले आणि बेसिनकडं पळाले. नेमक्या चिमाबाई आलेल्या. त्यांनी मला बेसिनपाशी वाकलेलं पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, असा उजळला… "वैजा, अगं गोड बातमी दिसतीया." मी मान हलवत होते, पण तोंड तुरट, शब्द निघेना, आणि माझं मान हलवणं त्यांना लाजणं वाटलं. त्या दिवशी माझा पाय चांगला झाला बघा. "लक्षुमीचा पाय हाय पोरीचा, मी तवाच म्हनलं हुतं." कधी म्हटलं होतं ते मला माहीत होतं. मला बसायला गादी मिळाली, ओटीत नारळ पडला. युवराज संध्याकाळी आला आणि त्याला ती बातमी घरातल्या सगळ्यांत शेवटी कळली, तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं, मग मी त्याला काढ्याची पातेली दाखवली. त्यानं आत जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी गादी गेली, पाय पुन्हा वाईट झाला, नारळाची चटणी झाली.

पण हे सगळं हसण्यावारी न्यायचं होतं. खरी गोष्ट निराळीच होती, आणि ती मला सापडली कढीपत्त्याच्या कुंडीत.

गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम माझं. कढीपत्त्याच्या मुळाशी पांढरं काहीतरी विरघळत पडलेलं. मला आधी वाटलं खत असेल. मग एक अर्धी विरघळलेली हातात आली, त्याच्यावर मधोमध रेघ. मामांची गोळी. आणि एक नाही, वरची माती उकरली तर चांगला थर. आत्या रोज जेवणाबरोबर आपल्या हातानं द्यायच्या, मामा तोंडात टाकायचे, जिभेखाली धरून वर पाणी प्यायचे, "जरा वाऱ्याला बसतो" म्हणून गॅलरीत जायचे. तेवढ्यात. कढीपत्ता तेवढा तरारला होता, त्याची शुगर एकदम काबूत.

का, म्हणाल. मला त्याच क्षणी कळलं का. त्या बाई म्हणाल्या होत्या, जंतू मारायची औषधं ऊठसूट घेऊ नका. मामांनी त्यातलं 'औषधं' तेवढं धरून ठेवलं, आणि औषध म्हणजे गोळी, आणि गोळी म्हणजे मेंढरांच्या जिवाला धोका. आयुष्यभर रोग आला की आधी मेंढरं वाचवायची, मग स्वतःचं बघायचं, असाच माणूस तो. त्यानं आजारपणातही तेच केलं. आणि वर हिशोब असा की मेंढरं तुरट खातात, तेव्हा मालकानं गोड खाल्लं तर बिघडलं काय? बोलावणी अजून संपलेली नव्हती. शर्टाच्या खिशात वाळलेल्या सालीच्या भुकटीची पुरचुंडी ठेवायचे, जेवायच्या आधी चिमूटभर जिभेवर, म्हणजे मेंढरांना चारा, आणि मग पोळ्या. शर्टांच्या खिशांवर पिवळे डाग पडले, धुऊन धुऊन माझे हात गेले पण निघाले नाहीत. आजोबा म्हणालेच होते, पक्का रंग.

मी युवराजला सांगितलं. एवढं मात्र मी केलं. तो म्हणाला, आबांना, म्हणजे मामांना, कोण सांगणार, आईला कळलं तर घरात रामायण, आणि तू तर अजिबात पडू नकोस यात, तू नवीन आहेस. म्हणजे बघा, आता दुसरी माणसंही माझं वाक्य बोलायला लागली.

मग मामांची तहान वाढली. शेजारी तांब्या असायचा तो रिकामा, पुन्हा भरला की पुन्हा रिकामा. दुकानाच्या दोन पायऱ्या चढले तरी घोंगड्यांच्या गठ्ठ्यावर टेकायचे. पुन्हा रक्त तपासलं. आकडा आधीपेक्षा वर. डॉक्टर म्हणाले, गोळी घेताय ना? मामा म्हणाले, "घरात रोज देत्यात की." खोटं काहीच नाही त्यात. डॉक्टर म्हणाले, मग आता जरा काळजीचं दिसतंय, असंच राहिलं तर सुईवर जायला लागेल. आणि घरी आल्यावर आत्या माझ्याकडं नुसत्या बघून, वळून, आत गेल्या. तुम्हाला सांगते, 'व्हय की'पेक्षा ते जास्त लागलं. कारण आत्यांचे डोळे भरलेले होते, आणि त्या भरल्या डोळ्यांत कारण म्हणून मी उभी होते.

आणि त्याच आठवड्यात चिमाबाईंचं बोलावणं. त्यांनी आपलं मुद्दाम मागं ठेवलं होतं. दुपारची वेळ, जमिनीवर पंगत, आम्ही सगळे, युवराजसुद्धा, कारण त्या दिवशी दुकानाला सुटी. ओळीनं मामा, युवराज, पलीकडं आत्या, आणि मामांच्या या बाजूला मी, नेहमीसारखी, सोबतीला. शेंगापोळ्यांची चळत आणि तुपाचं भांडं घेऊन चिमाबाई स्वतः वाढायला. मामांनी सकाळपासून तांब्यावर तांबे पाणी प्यायलेलं, तोंड सुकलेलं, पण पोळी बघून बसल्या जागी सावरले. खिशातली पुरचुंडी काढली. चिमूट जिभेवर गेली.

"खावा भावजी," चिमाबाई म्हणाल्या. "एका पोळीनं काय हुतंय. व्हायाचं ते झालंच की." आणि एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मला वाटतं तेवढ्यात गाडी गेली असावी. म्हणजे तिथं कुठली गाडी, पण डोक्यातनं काहीतरी धडधडत गेलं आणि मागं एकदम शांत झालं, आणि लहानपणापासून धरून ठेवलेलं वाक्य पुढं बोलायची वेळ झाली असं वाटलं. पण तोंडाआधी हात गेला. मी मामांच्या ताटावर हात आडवा धरला. सासऱ्याच्या ताटावर, नव्या सुनेनं, पंगतीत. चिमाबाईंच्या हातातली पोळी सुटली होती, ती माझ्या हातावर पडली, गरम, तुपासकट, हिरव्या बांगड्यांवर.

"हात काढ गं," चिमाबाई म्हणाल्या.

"मामा," मी म्हटलं, "गोळी तुम्हाला दिलीय, कढीपत्त्याला नाही."

युवराज भिंतीकडं बघायला लागला. आत्या म्हणाल्या, "कुटला कढीपत्ता?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, कुंडी, थर, गॅलरीतला वारा, मला वाटलं नव्हतं माझ्यात इतकी वाक्यं साठलेली असतील. मामा ताटाकडं बघत होते, लहान पोरासारखे. "गोळीनं मेंढरं मरत्यात," एवढंच म्हणाले.

"ते जंतूंच्या औषधाचं होतं, मामा. ही गोळी शुगरची आहे, ती घ्यायचीच, असं त्याच बाई म्हणाल्या, मी ऐकलंय. आणि राखणारा आडवा झाला तर मेंढरांकडं कोण बघणार?"

मामांनी पुरचुंडी पुन्हा खिशात घातली. मेंढपाळाला एवढं कळतंच. चिमाबाईंनी मात्र सुरू केलं की नवी सून, पानावर हात, आमच्या वेळेला… आणि आत्या म्हणाल्या, "आक्का, बोलू दे तिला."

तेवढंच म्हणाल्या. आणि पिशवीतून पाकीट काढलं, गोळी मामांच्या तळहातावर ठेवली, पाणी दिलं, आणि गिळल्यावर "आ करा" म्हणून जीभ उचलून बघितली, भर पंगतीत. मामांनी आ मिटला, माझ्याकडं बघितलं, आणि इतक्या दिवसांनी हसले. "वैजे, वरडलं की गं मेंढरू."

सगळे हसले. चिमाबाई सोडून. त्या तशाच उभ्या, नजर माझ्या हातावरच्या पोळीवर. "मग हिचं काय करायचं आता? वाढलेली पोळी माघारी न्हेत न्हाईत आमच्यात."

पंगत माझ्याकडं बघायला लागली. गळ्यापर्यंत जेवलेली होते मी, पौषापासून. आणि राहिलेली सगळी बोलावणी डोळ्यांपुढं आली, मंगळवेढ्याचं दुसरं, भावकीतली, पेठेतली, प्रत्येक घरातली ती चळत, आणि प्रत्येक ठिकाणी मामांच्या शेजारी मी, आणि आता 'नको' म्हणायची सोय कायमची गेलेली. पण बोलायला सुरुवात केलीच होती, तर म्हटलं वाक्य पुरं करावं.

"थोरल्या आई, माझा पाय तुमच्या उंबऱ्याला लागला, मामांच्या ताटाला नाही, ताटाला लागला तो तुमचा हात. तेव्हा त्यांच्या वाटची इथून पुढं माझ्याच ताटात वाढा… आणि तूप बेतानं."